एकच गंडम, चार खोकी: पहिला किट कुठला घ्यावा?

माझ्या काचेच्या कपाटात एकच गडी चार वेळा उभा आहे. पांढरे हातपाय, निळी छाती, लाल पावलं, कपाळावर पिवळी शिंगं. हा आरएक्स-७८-२, म्हणजे १९७९ सालच्या जपानी कार्टून मालिकेतला मूळचा गंडम, एक महाकाय रोबो; माझ्याकडचे चारही पुतळे सुट्या प्लास्टिकच्या भागांच्या किटमधून घरी जोडलेले. वरच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा परवा कपाटासमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, सगळे सारखेच तर आहेत. मग मोठाच घेतो ना!" त्याला बसवून तासभर जे सांगितलं तेच इथे लिहिते. मीसुद्धा पहिल्या वेळी खोक्याच्या आकारावर भुलले होते, आणि ते खोकं पुढे आठ महिने अर्धवट अवस्थेत पलंगाखाली पडून होतं.

आधी आकडे, कारण खोक्यावर तेच मोठ्या अक्षरात असतात. गोष्टीतला गंडम १८ मीटर उंच. १/१४४ प्रमाणात तो साडेबारा सेंटीमीटरचा होतो, १/१०० मध्ये १८ सेंटीमीटरचा आणि १/६० मध्ये ३० चा. एंट्री ग्रेड, हाय ग्रेड आणि रिअल ग्रेड हे तिन्ही १/१४४, म्हणजे उंचीला जवळजवळ सारखेच. मास्टर ग्रेड १/१००. परफेक्ट ग्रेड १/६०, आणि त्याचा विचार पहिल्या किटसाठी करूच नका. त्यातल्या २०२० च्या 'अनलीश्ड' गंडमची जपानमधली किंमत कर सोडून २५,००० येन होती, विषय संपला.

ग्रेड म्हणजे प्रतवारी असं मात्र समजू नका. 'हाय' नाव असलेला ग्रेड आज खालून दुसऱ्या पायरीवर आहे. १९९० साली तो निघाला तेव्हा नाव शोभत होतं, नंतर १९९५ मध्ये मास्टर आला, तीन वर्षांनी परफेक्ट ग्रेडचा गंडम आला, आणि बिचारा 'हाय' नावापुरता उरला. ग्रेड तुम्हाला एवढंच सांगतो की आत किती गुंतागुंत आहे. किट चांगला की वाईट हे त्यावरून कळत नाही.

एंट्री ग्रेड

२०२० मध्ये निघाला, ७०० येनांना. हत्यार काही लागत नाही. भाग रनरला, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिला, इतक्या बारीक देठाने चिकटलेले असतात की बोटाने पिरगळला की सुटतो, शेंगेतून दाणा काढल्यासारखा. एकही स्टिकर नाही. डोळ्यांचा पिवळा रंगसुद्धा वेगळ्या तुकड्याचा आहे, आणि मुखवटा बसवला की तो बरोबर फटीतून डोकावतो. साडेबारा सेंटीमीटरच्या पुतळ्यात, या किमतीत हे कसं जमवलं असेल याचं मला अजून नवल वाटतं. १९८० च्या जुलैमध्ये बांदाई या कंपनीने याच गंडमचा पहिला किट ३०० येनांना काढला तेव्हा गोंद लावून जोडायचा आणि रंग आपला आपण द्यायचा, अशी पद्धत होती.

जोडायला तास पुरतो. हातात बंदूक आणि ढाल येते. पाठीवरच्या तलवारींच्या मुठी मात्र ठोकळ्यासारख्या तिथेच राहतात, उपसता येत नाहीत. ज्याला तलवार उपसलेला गंडम हवा त्याचा इथे हिरमोड होणार. दहा-बारा वर्षांच्या भाच्याला वाढदिवसाला द्यायला याच्यासारखी वस्तू नाही. स्वतःसाठी घ्यायचा तर एक अडचण आहे: निपर (भाग कापायची बारीक पक्कड) धरायची, गेट म्हणजे तो देठ कापायची सवयच लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या किटला तुम्ही पुन्हा नवखेच असता.

हाय ग्रेड, आणि खोक्यावरचा छोटा नंबर

माझं मत इथेच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

हाय ग्रेडमधला आरएक्स-७८-२ दुकानात मागितला तर दोन वेगळी खोकी पुढे येऊ शकतात. एकावर ०२१ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १९१. पहिला २००१ चा, दुसरा २०१५ चा, 'रिव्हाइव्ह' म्हणून ओळखला जाणारा. चित्र साधारण तेच, ग्रेड तोच, किमतीत फार अंतर नाही. आत मात्र चौदा वर्षांचं अंतर आहे. ०२१ मध्ये दोन अर्ध्या शिंपल्या मिटवाव्यात तसे हातपाय मिटतात आणि मधोमध जोडरेघ उघडी राहते. गुडघा काटकोनापर्यंत वाकतो आणि थांबतो. १९१ मध्ये कोपर आणि गुडघ्याला दुहेरी सांधा आहे, जोडरेघा बऱ्याच ठिकाणी कवचाच्या काठाआड लपवल्या आहेत, आणि गडी एका गुडघ्यावर बसून नेम धरू शकतो. बंदूक, बझूका, ढाल, दोन तलवारी, सगळं खोक्यात.

म्हणून किट पारखताना ग्रेडच्या आधी साल बघा. २०१५ नंतरचा साधा हाय ग्रेड कित्येकदा २००० च्या आसपासच्या मास्टर ग्रेडपेक्षा जास्त सुखाने वळतो. साल खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात असतं, नाहीतर नंबर नेटवर टाकला की मिळतं. यानंतर बघायचं ते जोडणीपत्रिकेतलं रनरचं चित्र. पांढऱ्या रनरवर निळा, लाल भाग रंगवून दाखवलाय आणि स्टिकर लावा म्हटलंय, असं जितक्या वेळा दिसेल तितका तो किट लांबून बरा आणि जवळून फसवा.

कापण्याबद्दल. हाय ग्रेडला निपर लागतोच. माझ्या ओळखीतल्या दोघांनी नेलकटर वापरला आणि दोघांच्याही गंडमच्या छातीवर देवीचे व्रण आहेत. भाग रनरपासून आधी लांबून कापायचा, देठाचा थोडा कोंब ठेवून. मग तो कोंब दुसऱ्या कापात अलगद काढायचा आणि उरलेला उंचवटा ४००, मग ८०० च्या पॉलिश पेपरने घासायचा. एका दणक्यात भागाला लागून कापलंत तर प्लास्टिक ताणलं जातं आणि तिथे पांढरा डाग पडतो. पांढऱ्या पायावर तो कुणाला दिसत नाही. निळ्या छातीवर आणि लाल पावलांवर मात्र दहीभाताचं शीत सांडल्यासारखा दिसतो. आरएक्स-७८-२ शिकायला चांगला तो एवढ्याचसाठी: निम्म्याहून अधिक अंग पांढरं, चुका पोटात घालणारं. सरावाला आधी पाय जोडा, छाती शेवटी. पत्रिकेतला क्रम मोडला तरी काही बिघडत नाही.

मला एक किट संथपणे करायला दोन संध्याकाळी लागतात.

रिअल ग्रेड: बघताक्षणी प्रेम

२००९ मध्ये टोकियोच्या ओदाइबात १८ मीटर उंचीचा गंडम खरोखर उभा केला होता. पुढच्याच वर्षी रिअल ग्रेड आला आणि त्याचा पहिला किट हाच, आरएक्स-७८-२. त्या भव्य पुतळ्याच्या अंगावरच्या रेघा, शिक्के, कवचातल्या पांढऱ्याच्या दोन-तीन छटा, सगळं साडेबारा सेंटीमीटरमध्ये उतरवलंय. शेजारी हाय ग्रेड ठेवला तर तो शाळेच्या गणवेशातला वाटतो.

आणि पहिला अर्धा तास तर जादूचाच. रनरमधून कापून काढलेला करडा पाय हातात येतो तो गुडघ्यासकट, साच्यातूनच जोडलेला. हलक्या हाताने वाकवला की वाकतो! आपण अजून एकही भाग कशात बसवलेला नसतो. या सांगाड्यावर मग कवचाचे तुकडे चढवायचे, त्यातले काही मुगाच्या डाळीएवढे. स्टिकर तर तिळाएवढे, चिमट्याशिवाय हात लावायची सोय नाही. पंखा बंद करा. मी केला नव्हता.

आता तोटा. त्या तयार सांगाड्याचे सांधे घट्ट करायला पुढे काही वाव नसतो. माझा २०१० चा रिअल ग्रेड पहिल्या महिन्यात ताठ होता. वर्षभरात कंबर आणि घोटे सैल झाले, आणि आता ढाल डाव्या हाताला लावली की तो हळूहळू त्या बाजूला कलतो, लग्नाच्या पंगतीत जेवल्यावर मामा कलतो तसा. पोझ बदलायला उचलला की मांडीचं नाहीतर खांद्याचं एखादं कवच हातात येतं. अलीकडच्या रिअल ग्रेडमध्ये ही तयार सांगाड्याची पद्धत बरीच मागे पडली आहे, आणि २०२४ मध्ये याच गंडमची २.० आवृत्ती आली. रिअल ग्रेडच हवा असेल तर ती शोधा, पण पहिला किट म्हणून तीही नको. बारीक कामाचा हात बसायच्या आधी बारीक काम अंगावर घेतलं की राग किटवर निघतो.

निघाले तेव्हा २०१० च्या रिअल ग्रेडची किंमत कर सोडून २,५०० येन होती, १९१ नंबरच्या हाय ग्रेडची १,०००. म्हणजे एकाच्या पैशात दोन हाय ग्रेड येतात आणि वर निपरला हातभार लागतो.

मास्टर ग्रेड

याची मजा पूर्ण झालेल्या पुतळ्यात कमी, आणि अर्धवट झालेल्यात जास्त. आधी आख्खा सांगाडा उभा राहतो, करडा, पिस्टनसारखे दांडे असलेला. गुडघा वाकवला की पोटरीतले भाग एकमेकांवर सरकतात. मग वरून कवच चढतं आणि ते सगळं झाकलं जातं. केलेलं काम झाकायला ज्यांना जिवावर येतं (मला येतं), त्यांचा गंडम आठवडाभर उघडाच फिरतो. ज्याला घड्याळ उघडून बघायची खोड आहे त्याला मास्टर ग्रेड आवडणारच.

आरएक्स-७८-२ च्या मास्टर ग्रेडमध्येही आवृत्त्या आहेत. २००८ ची २.० अंगाने गोलसर, मालिकेतल्या चित्रासारखी. २०१३ ची ३.० ओदाइबाच्या पुतळ्यासारखी, रेघारेघांची, आणि पोटात कोअर फायटर नावाचं छोटं विमान. फोटोत ३.० बाजी मारते. प्रत्यक्षात तिच्या हाताची बोटं हे दुखणं आहे: बंदूक मुठीत देताना अंगठा किंवा बोट निखळतं आणि फरशीवर शोधावं लागतं. मी आता बंदूक एकदा दिली ती दिली, काढतच नाही. हाताळायला घ्यायचा तर २.० घ्या.

इथेच माझी मोठी चूक सांगून टाकते. रेघांमध्ये काळी शाई भरायला मी इनॅमल रंग पातळ करून सांगाड्यावरून सोडला. रेघा सुंदर भरल्या. दोन दिवसांनी गुडघा वाकवला आणि तो कट्‌कन मोडला. सांगाडा एबीएस नावाच्या प्लास्टिकचा होता. इनॅमलचं थिनर ताण असलेल्या एबीएसमध्ये शिरलं की प्लास्टिक ठिसूळ होतं, हे मला मोडल्यावर कळलं. कुठला रनर एबीएसचा आणि कुठला पीएस या दुसऱ्या प्लास्टिकचा ते रनरच्या पट्टीवरच छापलेलं असतं, वाचायचे कष्ट घ्या. पहिल्या किटला बारीक टोकाचं गंडम मार्कर पेन पुरे. रेघ ओढा, जास्तीची बोटाने पुसा.

३.० ला मला सहा-सात संध्याकाळी लागल्या. बारावीच्या वर्षात असाल तर याचा अर्थ तुमचा तुम्ही काढा.

जे ग्रेडवर अवलंबून नाही

मॅट टॉपकोटचा स्प्रे मारला की प्लास्टिकची खेळण्यातली चकाकी जाते आणि ७०० येनांचा गंडमही भारदस्त दिसतो. पण मुंबईत किंवा कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर डबा कपाटात ठेवा. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि सगळ्या अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर बसतो. दिवाळीनंतरची कोरडी दुपार सगळ्यात चांगली.

स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या नकला मी एकदाच घेतल्या. चित्र हुबेहूब, वास रॉकेलचा, आणि खुंटी भोकात बसेना म्हणून प्रत्येक खुंटी घासावी लागली. नवख्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. तेवढ्यासाठी तरी नको.

एक पातळ पार्ट्स सेपरेटर मात्र पहिल्याच दिवशी घ्या. हे किट गोंदाशिवाय, दाबून बसवायचे असतात, आणि घट्ट बसलेला चुकीचा भाग नखाने उघडायला गेलात तर नख जातं, नाहीतर खुंटी तुटते.

तर भाच्यासाठी एंट्री ग्रेड. स्वतःसाठी पहिला किट १९१ नंबरचा हाय ग्रेड. तो करताना हातपायांपेक्षा आतले सांधे बघण्यात जीव रमला तर पुढचा मास्टर ग्रेड, आणि पूर्ण झाल्यावर तासभर नुसतं न्याहाळत बसलात तर रिअल ग्रेड. १९१ जोडून कंटाळा आला तर हजार येनांतच सुटलात.

वरच्या मजल्यावरचा मुलगा १९१ च घेऊन आला. काल जिन्यात भेटला. डावं पाऊल उजव्या पायाला बसलंय, निघत नाही, तुमचं ते पातळ हत्यार द्याल का, म्हणाला. दिलं. परत आणून दे, असं दोनदा सांगितलंय.