सोबाचे पाकीट : नूडल्स घ्याव्यात, सॉसची पुडी वगळावी

पणजीतील एका दुकानात परदेशी किराण्याच्या फळीवर मिळणाऱ्या कोरड्या सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या जपानी नूडल्स, हलक्या, थंड आणि पूर्णतः वनस्पतिजन्य जेवणासाठी कितपत उपयोगी आहेत, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. पाकीट 300 ग्रॅमचे असून त्यात कागदी पट्टीने बांधलेल्या तीन जुड्या असतात. भाज्यांची जोड दिली की एक जुडी एका माणसाला पुरते.

पाकिटाच्या दर्शनी भागावर बकव्हीट, म्हणजे उपवासाला चालणारा कुट्टू, ठळक अक्षरांत छापलेला असला तरी मागच्या यादीत पहिले नाव गव्हाच्या पिठाचे आहे, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम असल्यामुळे आत कुट्टूपेक्षा गहू अधिक आहे हे उघड होते. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. कुट्टूत ग्लुटेन नसते, त्यामुळे नुसत्या त्याच्या पिठाच्या नूडल्स सहज तुटतात. म्हणून जपानमध्येही बहुधा गहू मिसळतात, आणि 80 टक्के कुट्टू व 20 टक्के गहू हे तिथले नावाजलेले प्रमाण आहे. एकादशीला मात्र हे पाकीट फोडू नये, आणि ज्यांना गहू सोसत नाही त्यांनी ते घेऊच नये.

खरी तक्रार सोबतच्या सॉसच्या पुडीविषयी आहे. थंड सोबा ज्यात बुडवून खातात त्या जपानी सॉसमध्ये सोया सॉसबरोबर दाशी नावाचे पाणी असते आणि ते बहुतेकदा वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात. या पुडीच्या यादीतही माशाचा अर्क आहे, आणि तरीही दुकानाने पाकीट व्हीगन पदार्थांमध्ये मांडले आहे. सुकी मासळी गोव्यात कोणाला नवी नाही, पण ती न सांगता ताटात येऊ नये. हिरव्या ठिपक्यावरही व्हीगन ग्राहकाने विसंबू नये, कारण दूध आणि मध असलेल्या पदार्थांनाही तो मिळतो.

पुडी बाजूला ठेवली की सॉस घरीच करावा लागतो, आणि तो पुडीतल्यापेक्षा सरस होतो. चार-पाच सोले, म्हणजे कोकमाची वाळवलेली साले, अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून ते पाणी गाळून घ्यावे. त्यात दोन चमचे सोया सॉस, माडाच्या काळ्या गुळाचा लहानसा खडा, आल्याचा रस आणि भाजून भरडलेले तीळ घालावेत. सोया सॉस खारट असतो आणि पुष्कळदा सोलेही खारवलेली असतात, म्हणून चव घेतल्याशिवाय मिठाला हात लावू नये. आंबटपणासाठी माडाचे विनेगरही चालते, पण थंड पदार्थात त्याचा उग्र वास पुढे येतो. मला सोलेच बरी वाटतात.

नूडल्स भरपूर उकळत्या पाण्यात मीठ न घालता शिजवाव्यात. पाकिटावर पाच मिनिटे लिहिलेली असली तरी चौथ्या मिनिटाला एक काडी दाताखाली धरून पाहावी. त्यानंतरचे धुणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण अंगावरची पिठूळ खळ गेली नाही तर थंड होताच सगळ्याचा गोळा होतो. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी नळातून तापूनच येत असल्यामुळे आधी नळाखाली चोळून घ्याव्यात आणि मग बर्फाच्या पाण्यात बुडवाव्यात. अशा धुतलेल्या नूडल्स सुटसुटीत राहतात, दाताला किंचित खरखरीत लागतात आणि त्यांना भाजलेल्या धान्याचा मंद वास येतो. एवढ्या एका गुणासाठी साध्या मैद्याच्या नूडल्सपेक्षा जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. वर तवशाचे, म्हणजे काकडीचे, लांबट काप आणि कांद्याची पात पुरे. खोबरे घालून पाहण्याचा मोह आवरावा, त्याने सॉसचा आंबटपणा मरतो.

पावसाळ्यात उघडे पाकीट लवकर सादळते, त्यामुळे उरलेल्या जुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. कामावर डबा न्यायचा असेल तर सॉस वेगळ्या बाटलीत न्यावा, कारण आधीच कालवलेल्या नूडल्स दुपारपर्यंत तो सगळा पिऊन फुगतात.