सिरस एसआर-२२टी : मिशिगन सरोवरावरचा एक हिवाळा

मिशिगन सरोवराच्या परिसरात लहान विमान उडवणाऱ्याला हिवाळ्यात वादळांपेक्षा, सरोवराच्या तुलनेने उबदार पाण्यावर साचणारा करडा, सपाट ढगांचा थर अधिक छळतो. तो फारसा जाड नसतो, पण शून्याखाली जाऊनही न गोठलेले त्यातले थेंब पंखाच्या पुढच्या कडेला लागताक्षणी बर्फ होतात. या बर्फाच्या वजनापेक्षा त्यामुळे बिघडणारा पंखाचा आकार अधिक घातक असतो. शिकागोजवळच्या एका क्लबचे सिरस एसआर-२२टी मी गेला हिवाळाभर याच ढगांसाठी भाड्याने घेतले. (सिरस म्हणजे तंतुमेघ. ते मुळातच हिमकणांचे असल्यामुळे, ज्याची आम्हाला सर्वांत कमी भीती वाटते त्याच ढगाचे नाव या विमानाला मिळाले आहे.)

२०१० साली आलेल्या या मॉडेलचा खरा गुण म्हणजे त्याचे ३१५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन. साधे इंजिन विरळ हवेत धापा टाकू लागते, तेथे हे चढतच राहते. कमाल उंची २५,००० फूट आहे. ढगांचा माथा सात हजार फुटांवर असेल, तर काही मिनिटांत आपण लख्ख उन्हात येतो.

त्या काही मिनिटांसाठी बर्फ रोखणारी टीकेएस यंत्रणा आहे. पंख आणि शेपटीच्या पुढच्या कडांवर टायटॅनियमच्या पट्ट्या असून त्यांच्या लेझरने पाडलेल्या सूक्ष्म छिद्रांतून ग्लायकोलयुक्त द्रव पाझरतो आणि पंखाला घाम फुटल्यासारखा तो मागे पसरत जातो. प्रोपेलरलाही तो मिळतो, काचेवर वेगळे फवारे आहेत. पट्ट्या आधीच ओल्या असाव्या लागतात, म्हणून पंप ढगात शिरण्यापूर्वीच सुरू करावा. आठ गॅलन द्रव साध्या प्रवाहावर अडीच तास पुरतो, पण सर्वांत जोराच्या प्रवाहावर चाळीस मिनिटेही नाही. म्हणूनच मी ही यंत्रणा थर ओलांडण्यापुरती मानतो. गोठणाऱ्या पावसात किंवा मोठ्या थेंबांच्या रिमझिमीत उडण्याची परवानगी तिच्यामुळे मिळत नाही.

भाड्याने घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. ज्ञात बर्फात, म्हणजे विमानावर बर्फ साचण्याची स्थिती आहे हे ठाऊक असताना, उडण्यास प्रमाणित आणि अप्रमाणित अशा दोन्ही प्रकारच्या विमानांवर पट्ट्या असतात. फरक त्या विमानाचे हँडबुक उघडल्यावरच खात्रीने कळतो.

वर राहण्याची किंमतही आहे. अमेरिकी नियमानुसार १४,००० फुटांच्या वर वैमानिकाने सतत ऑक्सिजन घ्यावा लागतो, आणि नळीने नाक कोरडे पडते. शिवाय उन्हात कितीही रमलो तरी उतरताना तोच थर पुन्हा भेदायचा असतो, त्यामुळे निम्म्याहून अधिक द्रव मी परतीसाठी राखतो आणि गंतव्याजवळ ढग जमिनीपर्यंत टेकले असतील तर निघतच नाही.

उड्डाणापूर्वीच्या तपासणीला जाताना जुने जाकीट घालावे. तो चिकट द्रव बाहीला लागल्यावाचून राहत नाही.