स्लीव्ह की बायपास? ठरवण्याआधी हाडांचाही विचार करा

वजनाच्या ऑपरेशनला जाणारा माणूस आधी विचारतो, 'किती किलो उतरतील?' माझ्या ताईनेही तेच विचारलं. वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. हाडांचा विषय तेव्हा कुणीच काढला नाही, आम्हीही नाही.

या ऑपरेशनच्या स्लीव्ह प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, पण अन्नाची वाट तीच राहते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला खाली जोडतात. आतड्याचा वरचा जो तुकडा असा वगळला जातो, नेमका तोच कॅल्शियम सगळ्यात चांगलं शोषतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात बायपासनंतर सहा महिन्यांत कॅल्शियमचं शोषण साधारण ३३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं, आणि तेही ड जीवनसत्त्व पुरेसं असताना! मग रक्तातली पातळी राखायला शरीर हाडांतून उचल घेत राहतं.

स्लीव्हनंतरही हाडं झिजतात. अंगावरचा भार घटतो, चरबीतून मिळणारं, हाडं जपणारं इस्ट्रोजेन हार्मोनही घटतं. पण बायपासच्या मानाने ही झीज कमी, आणि फ्रॅक्चरचा धोकाही बायपासनंतरच जास्त ठळक दिसतो.

नुसत्या हाडांपुरतं बोलायचं तर मी स्लीव्हच म्हणेन. पण छातीत जळजळ असेल तर ती स्लीव्हनंतर वाढू शकते, आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाणं हाडांनाही मानवत नाही. जुना मधुमेह आटोक्यात आणायला बायपास सरस. ताईला दोन्ही त्रास होते, त्यामुळे तिचा बायपास योग्यच होता असं मला आजही वाटतं.

चुकलं ते नंतर. ती कॅल्शियम कार्बोनेट घेत होती. ते विरघळायला आम्ल लागतं, आणि त्या छोट्या पिशवीत ते फारसं नसतं. वर लोहाची गोळीही त्याच घोटाबरोबर. आता ओट्यावर तीन खणांची डबी असते: कॅल्शियम सायट्रेट, एका वेळी ५०० मिलिग्रॅम, लोह दोन तास लांब. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण ताईला अर्धी भाकरीही जड जाते, म्हणून गोळ्या सुटत नाहीत. शिवाय वजनं उचलण्याचा व्यायाम, कारण हाडाला भार लागतो.

दोन वर्षांनी केलेल्या डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) खुब्याची घनता कमी निघाली. मुळात किती होती, हे मात्र कळायला मार्ग नाही, कारण ऑपरेशनआधी ती मोजलीच नव्हती. तुम्ही कुठलंही ऑपरेशन निवडा, पण पाळी गेली असेल किंवा आधी एखादं हाड मोडलं असेल, तर डेक्सा, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) या तपासण्या आधीच करून घ्या.