आईचा ई-रीडर, आठ महिन्यांनंतर: पुस्तकं छान, यादीचा मात्र घोळ

आठ महिन्यांपूर्वी आईसाठी सहा इंची ई-रीडर घेतला. बॅटरी, वजन, उन्हातलं वाचन, कशाबद्दलही तक्रार नाही. डोकं खाल्लं ते पुस्तकांच्या यादीनं.

आई पुस्तक नावानं मागतच नाही. "ते पिवळं काढून दे," म्हणते. आणि पडदा करड्याच्या १६ छटांचा! पिवळं पांढरट दिसतं, तांबडं आणि गडद हिरवं एकाच राखेचं. लालवर निळ्या अक्षरांत नाव छापलेलं असेल तर ते गायबच. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं म्हणजे नुसता चिखल. शेवटी बरीचशी मुखपृष्ठं कृष्णधवल करून, उजेड-अंधारातला फरक वाढवून मी पुन्हा घातली.

दुसऱ्या महिन्यात वाय-फाय चालू केलं, तर दुसऱ्या दिवशी यादीतल्या मुखपृष्ठांच्या निम्म्या चौकटी कोऱ्या. पुस्तकं उघडत होती, चित्रं तेवढी गेलेली. हा रीडर लघुचित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि नेट मिळालं की त्याच्या दुकानाकडे चित्र मागतो. केबलनं टाकलेलं पुस्तक दुकानात नसतं, मग होतं ते चित्रही पुसलं जातं. संगणकावर कॅलिबर हा ई-पुस्तकं सांभाळायचा प्रोग्राम उघडून रीडर जोडला की चित्रं परत बसतात. आता वाय-फाय कायमचं बंद.

हे कॅलिबर मोफत आहे, कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं. खरं काम त्यातच होतं. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची नेहमीची फाइल, आतून साधी झिप फाइल: अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं. नाव, लेखक, भाषा हे सगळं तिच्यातल्या एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. ते लिहिताना कुणी काळजी घेतलेली नसते. माझ्याकडे एकच लेखक चार ठिकाणी निघाला: देवनागरीत, रोमनमध्ये, आद्याक्षरांनंतर टिंब देऊन आणि टिंबाशिवाय. रीडरच्या लेखी चौघं वेगळे. कित्येक मराठी पुस्तकांची भाषा 'इंग्रजी' लावलेली, त्यामुळे शब्दावर बोट ठेवलं की इंग्रजी शब्दकोश उघडायचा. दिवाळी अंकांना लेखक कोण द्यायचा? मी संपादक घातले, अंकाचं नाव मालिकेच्या रकान्यात आणि वर्ष क्रमांक म्हणून. हे एकदम जमलं.

राहिला वर्णक्रम. आई ज्ञानेश्वरी यादीच्या शेवटी शोधत होती, कारण तिच्या मुळाक्षरांत क्ष, ज्ञ शेवटी. यंत्राला ज्ञ म्हणजे ज, हलन्त आणि ञ, म्हणून पुस्तक ज आणि झ यांच्या मध्ये. मग कॅलिबरमध्ये क्रम लावण्यासाठी जे वेगळं शीर्षक असतं, त्यात आधी ॐ टाकला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो क्रमांक देतो त्या यादीत, त्याचा क्रमांक ह च्या पुढचा. ग्रंथाची सुरुवातच ॐ नं होते, आणि त्याच ॐ मुळे आमच्याकडे तो आता सगळ्यात शेवटी. आईला लगेच सापडतो.