ताम्हिणीत आलेला जळका वास : स्विफ्टच्या सीट आणि ऑडिओच्या कामात मी कसा फसलो

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या २०२४ च्या स्विफ्टवर ६८ हजार रुपये घातले. रविवारी पहाटे पुण्याहून निघायचं, ताम्हिणी उतरून माणगावला चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत परतायचं, हा माझा नेम. वळणावर गाडी जरा दाबून घेतली की मूळ सीटवर अंग सरकायचं, आणि घाटात इंजिन चढलं की स्पीकरमधलं गाणं त्या आवाजात बुडून जायचं. तक्रारी एवढ्या दोनच. त्यासाठी घट्ट 'बकेट फिट' सीट कव्हर, दारांना डॅम्पिंग (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या शीट), कंपोनंट स्पीकर (बारीक आणि भारी आवाजाला वेगवेगळे), त्यांना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे अ‍ॅम्प, आणि सीटखाली खोल आवाजाचा सबवूफर असं काम एका दुकानात ठरवलं.

दुकानदार बोलायला गोड. "दादा, तुम्ही शौकीन माणूस, तुम्हाला हलका माल लावीन का?" कंपनीची वायर तोडायची नाही, कंपनीच्या प्लगात बसणारा तयार जोड, म्हणजे कपलरच लावायचा, असं मी बजावलं होतं. "एकसुद्धा वायर कापणार नाही," म्हणाला. पक्क्या बिलाऐवजी कच्ची पावती दिली, तीही मी घेतली. काम सुरू झालं तसं "तुम्ही आरामात जेवून या" म्हणाला, आणि मी गाडी सोडून गेलो. आत काय बसवलं, ते तेव्हाच पाहता आलं असतं.

तीन आठवडे सगळं छान वाजत होतं. मग एका रविवारी डोंगरवाडीच्या पुढे आवाज फाटायला लागला, अ‍ॅम्प बंद पडला आणि गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास आला. गाडी कडेला घेतली. सीटखाली हात घातला तर अ‍ॅम्पला जोडलेली जाड लाल वायर चटका बसेल इतकी तापलेली होती.

दुसऱ्या दिवशी चिंचवडच्या माझ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं आणि आधी बॅटरीजवळ फ्यूज शोधला. नव्हताच. अ‍ॅम्पची वायर बॅटरीवरून येते, तिला बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज लागतो. तो नसेल आणि वायर पत्र्याला टेकली, तर वायर पेट घेते. माझी वायर केबिनमध्ये शिरते त्या भोकाला रबराचं ग्रोमेट नव्हतं. पत्र्याच्या धारेवर घासून वरचं आवरण अर्धं झिजलं होतं. मग त्याने वायरची एक तार ब्लेडने खरवडून माझ्यापुढे धरली. वरून तांबूस, आतून पांढरी. पावतीवर 'प्युअर कॉपर' लिहिलं होतं, निघालं तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्यातून वीज तांब्यापेक्षा बरीच कमी वाहते. भरीला आवरण जाड आणि आतली तार बारीक.

अ‍ॅम्पच्या खोक्यावर ३,००० वॅट छापलं होतं. अ‍ॅम्पच्या अंगावर फ्यूज २५ अँपिअरचे दोन. त्याने तिथल्या तिथे गुणाकार केला: ५० गुणिले १४ व्होल्ट, म्हणजे ७०० वॅट. जो अ‍ॅम्प बॅटरीकडून जेमतेम एवढंच घेऊ शकतो आणि त्यातलंही बरंच उष्णतेत घालवतो, तो स्पीकरला ३,००० कुठून देणार? दुकानात विचारायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकतो त्या वॅटचा, आणि फ्यूज स्वतः वाचायचा. दाराचं पॅनेल काढलं तर ब्युटाइल रबराच्या नावाखाली डांबराच्या शीट चिकटवलेल्या होत्या, आणि कंपनीच्या तीन वायरी कापून, पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेली.

हे सगळं पैशाचं नुकसान. पण त्यानंतर त्याने सीटची बाहेरची कड चाचपली.

या स्विफ्टला सहा एअरबॅग आहेत. बाजूच्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला असतात आणि तिथे 'एसआरएस एअरबॅग' असं छोटं लेबल असतं. एअरबॅगसाठी बनवलेल्या कव्हरला त्या जागी मुद्दाम उसवणारी शिवण ठेवतात. माझ्या कव्हरला तिथे फोम, रेक्झिन आणि जाड नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिवण होती. लेबल पूर्ण झाकलेलं. "साहेब, ही बॅग कुठून बाहेर येणार?" त्याने विचारलं. शेजारच्या सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर सबवूफरचा खोका रेटून बसवला होता. त्या सीटवर माझी बायको बसते. त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघं दोनदा महाडला जाऊन आलो होतो.

कव्हर तिथेच काढलं. जाब विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "घट्ट पाहिजे असं तुम्हीच सांगितलं." पैसे यूपीआयने दिले होते, पावती, वायरचा तुकडा आणि फोटो हाताशी होते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर त्याने कव्हरचे ११ हजार परत केले, बाकीचे नाही. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

मागच्या शनिवारी त्याच गल्लीतून जात होतो. एक लाल स्विफ्ट उभी होती, पुढच्या दोन्ही सीटवर नवी कव्हरं चढत होती आणि मालक पलीकडे टपरीवर चहा पीत होता. मी त्याला हाताला धरून गाडीपाशी आणलं आणि कव्हर वर सारून ते लेबल दाखवलं.