रक्त न काढता एका मिनिटात ‘फुल बॉडी चेकअप’: कोल्हापुरातला माझा अनुभव

सोसायट्यांच्या आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जाहिरात फिरतेय. ‘मोफत फुल बॉडी चेकअप, सुई नाही, रक्त नाही, एका मिनिटात ४० रिपोर्ट. महिलांसाठी खास शिबिर, मुलांना सोबत आणलं तरी चालेल.’ माझे त्यात ११,४०० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे अख्खा पावसाळा माझं खरं दुखणं तपासणीविना अंगावर राहिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नावं बदलत राहतात. पद्धत मात्र तीच असते, ती सांगते.

मी लक्ष्मीपुरीत एका पतसंस्थेत कामाला आहे. थोरला पहिलीत, धाकटी दीड वर्षाची. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, शिफ्टची ड्युटी. गेल्या उन्हाळ्यापासून मला दुपारी तीन वाजले की कॅशचे आकडे पुसट दिसायला लागायचे. रात्री पोटऱ्या इतक्या भरून यायच्या की पाय कुठं ठेवावेत कळायचं नाही. आम्ही कळंब्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढताना मधे थांबून दाराच्या किल्ल्या शोधल्यासारखं करायचे, म्हणजे शेजाऱ्यांना धाप लागलेली दिसू नये. केस तर विंचरायचीही भीती वाटायची.

ज्याला सांगावं तो एकच वाक्य बोलायचा, ‘लहान पोरं म्हटल्यावर होणारच.’ आई म्हणाली, जागरणं आहेत. सासूबाई म्हणाल्या, आम्ही चार पोरं सांभाळून शेतात जात होतो. ऑफिसातल्या मॅडमनी कॅल्शियमची गोळी सुचवली. कुणी वाईट बोललं नाही, पण ऐकूनही कुणी घेतलं नाही. हे लोक नेमके या फटीतून आत येतात.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी मला घेऊन गेल्या. ‘चल गं, मी पण जातोय की. फुकट हाय, बघून तर येऊ.’ राजारामपुरीत एका हॉलवर शिबिर होतं. पांढरा कोट घातलेल्या एका ताईंनी मला समोर बसवलं आणि बराच वेळ नुसतं विचारलं. सकाळी उठल्या उठल्या अंग मोडून येतं काय? चिडचिड होते काय? पोरांवर ओरडून नंतर वाईट वाटतं काय? शेवटच्या प्रश्नाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टिश्यूचा बॉक्स पुढं सरकवला. तो टेबलावर आधीपासून होता, आणि रांगेतल्या प्रत्येकीपुढं सरकत होता, हे मला घरी आल्यावर आठवलं. पाळीबद्दल मात्र एक अक्षर विचारलं नाही.

मग मशीन. लॅपटॉपला वायरनं जोडलेली एक डबी आणि हातात धरायची धातूची दांडी. ‘क्वांटम मॅग्नेटिक’ असं काहीतरी तिचं नाव. आधी नाव, वय, लिंग, उंची, वजन भरायचं, मग दांडी मुठीत धरायची. स्क्रीनवर हृदय, लिव्हर, हाडं अशी रंगीत चित्रं पळतात आणि मिनिटभरात प्रिंटर सुरू होतो. माझ्या रिपोर्टात लिव्हरमध्ये ‘विषारी घटक’, मोठ्या आतड्यात ‘साठलेलं टॉक्सिन’, हाडांत कॅल्शियमची घट, जड धातूंमध्ये शिसं जास्त. लोह मात्र नॉर्मल. हे ‘लोह नॉर्मल’ लक्षात ठेवा.

चाळीस पानं हातात पडल्यावर माणसाला बरं वाटतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. इतके महिने ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं होतं. तीन महिन्यांचं पॅकेज निघालं: दोन प्रकारच्या पावडरी, एक ज्यूस, कॅप्सूल आणि दर आठवड्याला ‘फूट डिटॉक्स’. बाळंतपणानंतरच्या लोहाच्या गोळ्या माझ्याकडं थोड्या शिल्लक होत्या, कधीमधी घ्यायचे. त्या ताईंनी स्पष्ट सांगितलं, ‘केमिकल सगळं बंद करायचं, नाहीतर आमचं प्रॉडक्ट काम करणार नाही.’ पूर्ण तीन महिन्यांचा माल एकदम घेतला तर डिस्काउंट. पावती मागितली तर बिल ‘सिस्टीममधून मेलवर येईल’ म्हणाल्या. पैसे ज्या यूपीआय खात्यावर घेतले ते कुठल्या कंपनीचं नव्हतं, एका बाईंच्या नावाचं होतं.

फूट डिटॉक्सचं सांगायलाच पाहिजे, कारण भले भले यात अडकतात. कोमट पाण्याच्या टबात मीठ टाकतात, त्यात तारांना जोडलेली एक गोल धातूची डबी सोडतात आणि तुम्ही पाय बुडवून बसता. दहा-पंधरा मिनिटांत पाणी आधी पिवळसर, मग विटकरी, शेवटी काळपट तपकिरी होतं आणि वर फेस येतो. भिंतीवर रंगांचा तक्ता: तपकिरी म्हणजे लिव्हर, काळा म्हणजे सांध्यांतलं टॉक्सिन. स्वतःच्या पायांतून असलं काही निघालेलं बघून किळसही येते आणि हलकंही वाटतं. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

तो रात्रपाळीहून आला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, ‘हे कसलं टॉक्सिन? गंज हाय गंज.’ आमचं भांडण झालं. मग त्यानं बाल्कनीत प्लॅस्टिकच्या टबात मिठाचं पाणी केलं, कारखान्यातल्या दोन लोखंडी पट्ट्या त्यात एकमेकींना न चिकटता उभ्या केल्या आणि गाडीच्या जुन्या बॅटरीच्या तारा जोडल्या. (घरात पोरांजवळ कुणी हे करू नका, तो रोज असल्याच कामात असतो.) एका पट्टीवर बारीक बुडबुडे, दुसरीजवळ पिवळे धागे, आणि बघता बघता तेच राजारामपुरीचं पाणी. टबात पाय कुणाचेच नव्हते. ‘दोन बटाटे टाक आत,’ तो म्हणाला, ‘बटाट्याचं पण लिव्हर साफ होईल.’ मिठामुळं पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंजाचा रंग येतो. पाय धुळीचे असले तर गाळात थोडी भर पडते, एवढाच पायांचा वाटा.

तरीही मी पावडर बंद केली नाही. पैसे भरले होते, आणि तिकडून रोज मेसेज यायचे. थकवा वाढला म्हटलं तर उत्तर तयार: ‘टॉक्सिन बाहेर पडतंय, त्रास होणारच, चांगलं लक्षण आहे.’ कमी वाटलं तरी प्रॉडक्टचा गुण, जास्त वाटलं तरी प्रॉडक्टचाच गुण. जोडीला दुसरं सुरू झालं. ‘ताई, आयडी लावून घ्या, तुमच्या खाली दोघीजणी आणल्या की तुमचा माल फ्रीमध्ये पडेल.’ म्हणजे साखळी मार्केटिंग: लेफ्ट-राइट, पॉइंट, लीडर, रविवारचा सेमिनार. वहिनी तोपर्यंत त्यात पूर्ण उतरल्या होत्या. मला आणल्याचे पॉइंट त्यांना मिळाले होते, हे मला फार नंतर कळलं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांचे माझ्या तिप्पट गेलेत.

खरं दुखणं सापडलं ते धाकटीला ताप आला म्हणून. मुलांच्या डॉक्टर मॅडमनी तिला तपासलं आणि मग माझ्याकडं बघतच राहिल्या. ‘बाळाचं व्हायरल आहे, होईल बरं. तुमचं काय?’ मी सवयीनं म्हटलं, काही नाही, थोडं दमल्यासारखं होतं. तेवढ्यात थोरला बोलला, ‘आई माझ्या पाटीवरच्या पेन्सिली खाते.’

मी लाजेनं मेले. पण खरं होतं. त्याच्या दप्तरातून पेन्सिली मी घ्यायचे, तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकायचे, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मॅडम हसल्या नाहीत. माझी खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि विचारलं, ‘पाळीत रक्तस्राव जास्त होतो का? तांबी बसवलीय का?’ दुसऱ्या बाळंतपणानंतर बसवली होती, आणि तेव्हापासून पाळी सात-आठ दिवस, भरपूर. सगळ्या बायकांचं असंच असतं असं मी धरून चालले होते. तांबीनं काही जणींना रक्तस्राव वाढतो, आणि शरीरातलं लोह त्यातून दर महिन्याला जात राहतं. खडू, माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लोह कमी झाल्याची जुनी ओळखीची खूण आहे, असं त्या म्हणाल्या.

रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.४. बाईला निदान १२ पाहिजे. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ५. व्हिटॅमिन डीसुद्धा कमी, त्यानंही अंग दुखतं. थायरॉइड आणि बी १२ ठीक होतं. मशीनचं ‘लोह नॉर्मल’ आठवतंय ना? हे दुखणं काही दुर्मीळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या. ज्या शिबिरात शंभर बायका येतात तिथं निम्म्याअधिक जणींचं खरं दुखणं बहुधा हेच असणार, आणि ते शोधायला रक्ताचा एक थेंब लागतो. तोच नेमका हे काढत नाहीत.

रिपोर्ट आणि उरलेले सीलबंद डबे घेऊन मी नवऱ्यासोबत हॉलवर गेले. ‘लीडर सर’ होते. अगदी गोड बोलले. ‘मॅडम, रक्त वरवरचं दाखवतं, आपलं मशीन पेशीच्या आतलं दाखवतं. चला, आता चेक करू, इम्प्रूव्हमेंट दिसेल.’ मशीनवरच्या पोरग्यानं घाईत माझ्या हातात दांडी दिली, प्रिंट काढली. लिव्हर सुधारलेलं, आतडं सुधारलेलं. नवरा पानं चाळत होता, तो एका पानावर थांबला आणि मोठ्यानं वाचायला लागला: ‘प्रोस्टेट ग्रंथी: किंचित वाढलेली.’ पोरग्यानं माझ्या आधीच्या काकांची माहिती बदललीच नव्हती. यंत्राला मी बासष्ट वर्षांचा पुरुष होते आणि त्यानं तसाच रिपोर्ट दिला. वय-लिंग टाइप केलं की त्याला साजेशी पानं बाहेर पडतात. दांडी हातात धरली काय आणि खुंटीला टांगली काय. रांगेतल्या चार-पाच बायका हे ऐकून उठल्या, आणि सरांचा आवाज पहिल्यांदा चढला.

डब्यांकडं नंतर नीट बघितलं. मागं बारीक इंग्रजी अक्षरात छापलं होतं ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. म्हणजे हे औषध नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. असल्या पूरक आहारावर तसं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. ‘सरकारमान्य’ म्हणून ते जो चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक दाखवतात तो खाद्यपदार्थाच्या धंद्याचा परवाना. चिवड्याच्या पाकिटावरही तसाच असतो. त्यानं गुडघा बरा होतो असं कुठंच म्हटलेलं नसतं. पांढऱ्या कोटातल्या ताईंना नवऱ्यानं रजिस्ट्रेशन नंबर विचारला, तर त्या ‘वेलनेस कोच’ निघाल्या.

पैशांचं म्हणाल तर ४,२०० परत मिळाले, फक्त सीलबंद मालाचे. तेसुद्धा ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्यांना व्हॉट्सअॅप केल्यावर. फोडलेले डबे आणि फूट डिटॉक्स बुडाले. थेट विक्रीवाल्यांसाठी २०२१ चे केंद्राचे नियम आहेत, माणसं जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांना त्यात बंदी आहे, हे मला त्या तक्रारीच्या निमित्तानं कळलं.

मी आता लोहाच्या गोळ्या घेते. जेवणावर लगेच चहा बंद केला, कारण चहानं लोह अंगी कमी लागतं. आमच्याकडं हे सगळ्यात अवघड गेलं. गोळ्यांनी शी काळी होते, घाबरू नये असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून तांबी काढली. पेन्सिलीची इच्छा सगळ्यात आधी गेली, जिन्यावरची धाप त्यानंतर. हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला गोळ्या काही महिने चालू ठेवायच्या आहेत. उरलेला थकवा दोन पोरांचा आणि अर्धवट झोपेचा आहे. त्यावर गोळी नाही, असं मॅडम म्हणाल्या. नवऱ्यानं रात्रीची एक उठाठेव आपल्याकडं घेतलीय. ज्यांना खासगी लॅब परवडत नाही त्यांनी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून साधी रक्ततपासणी करून घ्यावी.

वहिनींचं प्रकरण आता जिल्हा ग्राहक आयोगाकडं न्यायचं चाललंय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल त्यांच्याकडंही नाही. पण यूपीआयचे स्क्रीनशॉट, ‘केमिकल गोळ्या बंद करा’ असा लीडरचा व्हॉइस मेसेज आणि मशीनची ती प्रिंट, एवढं आहे. तुम्ही यात अडकला असाल तर त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका. आधी सगळे मेसेज दुसरीकडं जपून ठेवा. मी जाब विचारला त्याच रात्री मला ग्रुपमधून काढून टाकलं, आणि लीडरनी मला पाठवलेले अलीकडचे मेसेज डिलीट केले.