हनुवटीला दोन बोटं आणि 55,600 रुपये

आठ वर्षं माझी मान डावीकडे ओढली जाते. सर्व्हायकल डिस्टोनिया. दोष मणक्यात नाही, मेंदूकडून स्नायूंना चुकीचे आदेश जातात. दर तीन-साडेतीन महिन्यांनी ओढलेले स्नायू सैल करणारी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं, असर उतरला की पुन्हा. जानेवारीत पैशांअभावी ती लांबली, मान असह्य दुखायला लागली आणि नेमकं 'नस उपचार' शिबिराचं पत्रक हाती आलं.

मंगल कार्यालयात सगळ्यांसमोर त्या वैद्याने माझ्या हनुवटीला दोन बोटं लावली. मान सरळ! टाळ्या पडल्या. तिथेच उठायला हवं होतं. जेवताना गालाला हात टेकवला की माझी मान रोजच घटकाभर जागेवर येते. डिस्टोनियात स्पर्शाने असं होतं, तो इलाज नव्हे, हे न्यूरॉलॉजिस्टनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मला माहीत होतं! तरी डोळ्यांत पाणी आलं. आठ वर्षं दुखणं काढलेल्या माणसाला यावरून कुणी मूर्ख म्हणू नये.

नोंदणी 1,100. तेल-काढा 36,500. 'नस अर्धी मोकळी झाली' म्हणून आणखी 18,000, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून. वर त्याने माझी डिस्टोनियाची गोळी, ट्रायहेक्सिफेनिडिल, एकदम बंद करायला लावली. पाचव्या दिवशी मान खांद्याला टेकली. ही गोळी कुणाच्याही सांगण्यावरून अशी तोडू नका, डॉक्टरच ती हळूहळू कमी करतात.

पोलीस म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना?" पावती 'सेवा देणगी'ची. पैसे मोजण्याआधी पावती वाचा, मी नंतर वाचली. औषध खात्यात म्हणे बाटलीवर लेबल नाही, नोंद काय करणार? अहो, लेबल नाही हीच तर तक्रार! आरोग्य विभागात उत्तर मिळालं, तो डॉक्टर नाही म्हणून आमच्याकडे येत नाही. मेंदूच्या विकारांवर इलाजाच्या जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे. त्याची प्रत मी टेबलावर ठेवली, ती कुणी उचललीही नाही. चार खेपा घातल्या. एक कारकून तर म्हणाला, "माझ्याकडे बघून बोला." बघता येत नाही म्हणूनच तर आलो होतो.

इंजेक्शन लागू पडत नसेल तर मूव्हमेंट डिसऑर्डरच्या, म्हणजे हालचालींच्या विकारांच्या, तज्ज्ञाला डीबीएस (मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या) शस्त्रक्रियेबद्दल विचारा. तेही 'कायमचा बरा' अशी हमी देणार नाहीत. जो देतो, त्याच्यासमोर पाकीट काढू नका.

गेल्या रविवारी शेजारच्या तालुक्यात त्याच माणसाचं शिबिर झालं.